वजन उचलणाऱ्याने भात-भाकरी सोडायची का?

सांजवारा

नमस्कार. वय ४३, चिंचवडला राहते, बँकेत नोकरी. गेल्या वर्षी तपासणीत हाडांची घनता कमी आली. डॉक्टर म्हणाले, चालणं पुरेसं नाही, वजनं उचला. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस बारबेलचा व्यायाम करते. दहा महिने झाले. स्क्वॅट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) ६० किलोवर पोचलं होतं, पाच रेपचे, म्हणजे सलग पाच वेळा, असे तीन सेट. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ७५. ज्या बाईने आयुष्यात पाण्याच्या हंड्यापलीकडे काही उचललं नव्हतं तिच्यासाठी हे फार मोठं होतं.

मग जिममधल्या ट्रेनरने धान्य पूर्ण बंद करायला सांगितलं. भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, केळं, ज्यात कार्ब्स म्हणजे पिष्ट जास्त ते सगळं. "कार्ब्स म्हणजेच चरबी" असं त्याचं म्हणणं. मी मनापासून पाळलं. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो वजन उतरलं, खूप आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र चौथ्या रेपला मांड्या सुटायला लागल्या. आता ५० किलोलासुद्धा पाचवा रेप निघत नाही. रात्री तीनला जाग येते, कामावर चिडचिड होते. सासूबाई रोज विचारतात, "अगं, एक चतकोर तरी घे." काल ताटावर बसून मला रडू आलं.

वजन कमी व्हावं असं वाटतंच. पण ताकद गमावून नको. भाकरी सुरू केली तर केलेलं सगळं वाया जाईल का?

वहीखातं

ताई, दिवसभरात नेमकं काय खाता ते ग्रॅममध्ये लिहा. अंदाजाने नाही, काट्यावर मोजून. तुमचं वजन पण सांगा.

सांजवारा

वजन आज ६४. तीन दिवस मोजलं. सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि काळी कॉफी. दुपारी काकडी-टोमॅटो, शंभर ग्रॅम पनीर, थोडं दही. संध्याकाळी एक सफरचंद, मूठभर बदाम. रात्री भाज्यांचं सूप, त्यात थोडी मूगडाळ, वर लोणी. मांस-मासे खात नाही. मोबाइलवरच्या हिशेबाप्रमाणे कार्ब्स ६० ते ७० ग्रॅम, प्रोटीन ४५ ते ५०, एकूण ११०० कॅलरीच्या आत-बाहेर.

मीठभाकर

सांजवारा, आधी एक: तुमचं चुकलं नाही, तुम्ही सांगितलेलं नीट पाळलंत. मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, माझ्याकडे येणाऱ्यांत कबड्डीच्या मुली आणि कुस्तीची पोरं बरीच असतात. तुमच्यासारखी गोष्ट मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पहिले काही सेकंद त्याच्यातच साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट कामी येतं. साधारण दहा सेकंदांत त्याचा जोर ओसरतो. पुढचं काम साखरेवर चालतं, म्हणजे स्नायूत ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवलेल्या साखरेवर. जड बार घेऊन पाच वेळा खाली बसून उठायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तुमचे पहिले दोन-तीन रेप निघतात आणि चौथ्याला मांड्या सुटतात, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

हे ग्लायकोजेन किती असतं? मोठ्या माणसाच्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात आणखी शंभरेक ग्रॅम. एका जोरदार सत्रात ज्या स्नायूंनी काम केलं त्यांच्यातला पाव ते चाळीस टक्के साठा संपतो, म्हणजे तळ गाठला जात नाही. पण रोज थोडा खर्च झाला आणि भरणा झालाच नाही, तर कोठार बरंच रिकामं होऊ शकतं.

आता ते अडीच किलो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा निम्म्यावर आला की साखर आणि पाणी मिळून किलोभर वजन तिथेच जातं. जेवण कमी, म्हणून मीठ कमी, आतड्यात अन्नही कमी, त्याचं आणखी. पहिल्या आठवड्यातली ती घट बहुतेक पाण्याची होती. आनंद हिरावून घ्यायला हे सांगत नाही. भाकरी सुरू केल्यावर काटा किलो-दीड किलोने वर जाईल, तेव्हा घाबरू नका एवढ्यासाठी सांगते.

मला एक जुना प्रयोग फार आवडतो. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच तो केला. एकच सायकल, दोघं दोन बाजूंना, प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारायचं. दुसरा पाय आराम करणार. पाय दमले की मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण. रोज सुईने मांडीतला कणभर स्नायू काढून तपासायचा. राबलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट साठलं. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. जो स्नायू राबला, त्याने ती साखर ओढून घेतली. "कार्ब्स म्हणजेच चरबी" म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते. खाल्लेली भाकरी कुठे जाणार, हे बरंचसं त्या दिवशी पायांनी काय केलं यावर ठरतं.

पण ताई, तुमच्या आकड्यांत मला भाकरीपेक्षाही जास्त काळजी वाटते ती दोन गोष्टींची. ११०० कॅलरी म्हणजे उपासमार आहे, विशेषतः हाडं सांभाळायची असताना. आणि ४५ ग्रॅम प्रोटीन! वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम लागतं. म्हणजे तुम्हाला कमीत कमी नव्वद ते शंभर हवं. तुम्ही त्याच्या निम्म्यावर आहात.

सातत्य

मी थोडं वेगळं मत मांडतो. मी आठ महिने केटो केलं, दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कार्ब्स. १४ किलो उतरलो, डेडलिफ्ट १४० वरून १६० झाली. रक्ताच्या तपासण्या चांगल्या आहेत. पहिला महिना अंगात दम नव्हता, नंतर सवय झाली. त्यामुळे कार्ब्सशिवाय ताकद येतच नाही हे मला पटत नाही. सांजवारा यांचं केटो नीट झालं नाही एवढंच.

मीठभाकर

सातत्य, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो अभ्यासांशी जुळतोही. २०२२ मध्ये 'न्यूट्रिएंट्स' या नियतकालिकात ४९ अभ्यासांचा एक आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा, की माणूस उपाशी नसेल आणि एका स्नायूगटाचे दहापर्यंत सेट करत असेल, तर कार्ब्स वाढवून ताकदीच्या व्यायामात फारसा फरक पडत नाही. उपाशीपोटी व्यायाम असेल किंवा त्याहून जास्त सेट असतील, तर पडू शकतो. त्यामुळे 'कार्ब्सशिवाय ताकद नाही' असं मी कुणालाच सांगत नाही. एक-दोन-तीन रेपचं काम करणाऱ्याचं कमी कार्ब्समध्ये भागतं. दहा-बारा रेपचे वीस सेट मारणाऱ्याचं, किंवा उचलून झाल्यावर पळणाऱ्याचं भागत नाही.

तुम्ही काय खात होतात ते मात्र सांगा.

सातत्य

चिकन, मासे, सहा अंडी, तूप, पालेभाज्या. प्रोटीन दीडशेच्या खाली कधी गेलं नाही.

मीठभाकर

तिथेच फरक आहे. मांसाहारी माणूस कार्ब्स काढतो तेव्हा प्रोटीन ताटात राहतं. शाकाहारी घरात डाळ, मटकी, हरभरा, चवळी हेच प्रोटीन, आणि त्याच्यातच पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसेक ग्रॅम प्रोटीन आणि त्याच्या दुपटीहून जास्त कार्ब्स असतात. ज्वारीच्या पिठातसुद्धा शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम प्रोटीन आहे. सांजवारांनी भाकरी सोडली तेव्हा वरण सुटलं, कारण नुसतं वरण कोण खातं? उसळही सुटली. आपल्या ताटात कार्ब्स आणि प्रोटीन एकाच वाटीत येतात. परदेशातल्या मांस-अंड्यांच्या ताटासाठी बेतलेला नियम जसाच्या तसा आपल्या ताटाला लावला की आधी प्रोटीन मरतं. शाकाहारी लोकांना हा सल्ला सरसकट दिला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

सातत्य

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

लालमाती

मी कोल्हापूरचा. आमचे चुलते तालमीत होते, लहानपणी त्यांचा डबा घेऊन मीच जायचो, म्हणून लिहितो. पैलवानाचा खुराक म्हटलं की लोकांना दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण एवढंच आठवतं. त्या डब्यात भाकरी किती असायची ते कोण बघतच नाही. पहाटे चारला उठायचं, शेकड्यात जोर, शेकड्यात बैठका, मग हौद्यातली माती उकरायची, मग लढती. दुपारी झोपून संध्याकाळी परत मेहनत. ती बदामावर निघत नाही की ओ. चुलते दुपारच्याला पाच-सहा भाकरी आणि वर भात खायचे. थंडाईत खडीसाखर असायची ती वेगळीच. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून हजारो पोरं असंच जेवून त्या मातीत उतरली.

ताईंच्या अडीच किलोबद्दल सांगतो. कुस्ती वजनी गटाचा खेळ. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला फ्लायवेटला खेळले आणि १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोला, कांस्य घेऊन आले. गटात बसायला पोरं दोन-तीन दिवसांत दोन-तीन किलो उतरवतात, हे तालमीत सगळ्यांना ठाऊक. भात-भाकरी बंद, पाणी कमी. काट्यावरून उतरलं की परत भात, आणि दुसऱ्या दिवशी वजन जागेवर. त्याला आमच्यात कुणी चरबी उतरवली म्हणत नाही. वस्ताद सांगायचे, वजन तोडलेल्या पोराशी लढताना पहिला एक मिनिट सांभाळ, मग तो आपसूक ढिला पडतो.

एक गोष्ट मात्र खरी. चुलत्यांनी कुस्ती सोडली आणि भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. पन्नाशीत साखर लागली. आता दोन्ही वेळेला इन्सुलिन घेतात.

गोदाकाठ

लालमाती, आपल्या चुलत्यांची गोष्ट वाचून लिहिण्याचा धीर आला. मी नाशिकचा, वय ५८, गेली नऊ वर्षे मधुमेह. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी मला वजनांचा व्यायाम सुरू करावयास सांगितले आहे. घरात दोन तट आहेत. मुलगा म्हणतो भात विष आहे, पत्नी म्हणते उपाशी व्यायाम करून चक्कर येईल. या चर्चेतले माझ्यासारख्याला किती लागू?

मीठभाकर

काका, व्यायाम सुरू करताय हे फार चांगलं झालं. मधुमेहात एरवी इन्सुलिनने दार उघडलं तरच साखर स्नायूत शिरते, आणि ते दार नीट उघडत नाही. पण स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनशिवायही ते दार उघडतं. व्यायामानंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, स्नायू साखर जास्त ओढतो. म्हणून दिवसातली भाकरी खायचीच असेल तर व्यायामानंतरच्या जेवणात खा. किती, ते मीटरवर बघून ठरवा: जेवणाआधी आणि दोन तासांनी.

आता सावधगिरी, ही कृपया गांभीर्याने घ्या. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड प्रकारची गोळी असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारून डोस आणि वेळ ठरवा. खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, धडधड झाली की थांबून मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर जड वजनांआधी करून घ्या. कमी कार्ब्सचं पथ्य गोळ्या बदलल्याशिवाय स्वतःहून सुरू करू नका.

आणि मुलाचं पूर्ण चुकलेलं नाही. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आपल्या ताटात धान्य खरोखरच जास्त आणि डाळ कमी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यातून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या ४५ टक्क्यांपलीकडे नकोत असं म्हटलंय. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने भात निम्मा करावा हे मीही सांगते. पण निम्मा करणं आणि शून्य करणं यात फार अंतर आहे.

गोदाकाठ

अत्यंत आभारी आहे. ग्लिमेपिराइडच आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जातो.

सांजवारा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सासूबाईंनाही वाचून दाखवले. मीठभाकर, आता मी नेमकं काय खाऊ? "संतुलित आहार घ्या" असं नका सांगू, भाकऱ्यांची संख्या सांगा.

मीठभाकर

सांगते. कार्ब्स किलोमागे तीन ग्रॅम धरू, म्हणजे दोनशेच्या आसपास. त्याहून जास्तीची गरज तुम्हाला आठवड्याला तीन सत्रांत नाही. कॅलरी १६०० ते १७००.

साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे चाळीस ग्रॅम कार्ब्स. शिजलेला भात दीडशे ग्रॅम म्हणजे तेवढेच. तुमच्या भाकऱ्या दिवसाला तीन. दुपारी दोन, रात्री एक, किंवा रात्री एक वाटी भात. उरलेले कार्ब्स डाळ, उसळ, फळ, दूध यांतून आपोआप येतात. अंड्याचा पिवळा भाग फेकू नका, त्यात प्रोटीनचा मोठा वाटा आहे. दोन पूर्ण अंडी, पनीर आहे तसंच, दुपारी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ भरपूर, रात्री घट्ट वरण, दोन वेळा दही किंवा दूध, आणि तीस ग्रॅम सोयाबीन वडी भाजीत, तिच्यातून एकटीतून पंधरा ग्रॅम मिळतं. एवढ्याने नव्वदच्या जवळ पोचाल.

व्यायाम संध्याकाळी सहाला असेल तर साडेचारला एक केळं किंवा लहान वाटी पोहे. नंतर घाईने काही प्यायची गरज नाही. दिवसातून एकदाच व्यायाम करणाऱ्याचा साठा पुढच्या चोवीस तासांच्या जेवणात भरून निघतो. सत्र संपल्यावर अर्ध्या तासात डब्यातली पावडर घेतलीच पाहिजे, हा धाक मनातून काढा.

साबुदाण्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते, एकादशी येतेय. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रोटीन नावाला. उपास असेल तर खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने, सोबत दही किंवा दूध, आणि त्या दिवशी जड स्क्वॅट नको.

पहाटपाखरू

ताई, मी बीडची, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला मैदान. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एक दिवसाआड बैठका आणि वजन. रूमवर चौघी राहतो, मेसचा डबा. सकाळी काहीच न खाता जाते, कारण मैदानावरच्या मुली म्हणतात रिकाम्या पोटी पळालं की हलकं वाटतं. तिसऱ्या फेरीला डोळ्यापुढं अंधारी येते. गोळा पण लांब जात नाही. महागाचं काही जमणार नाही.

मीठभाकर

बाळा, आधी रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन. सरकारी रुग्णालयात होईल. अंधारी येते म्हणजे हे पहिलं. पाळी नियमित आहे का तेही बघ.

रात्रभराच्या उपासाने यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो, आणि तू त्यावर पळतेस, मग गोळा फेकतेस. उठल्याबरोबर एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि पाणी. जड वाटणार नाही. मैदानावरून आल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ, किंवा पोहे आणि मूठभर शेंगदाणे, जमेल त्या दिवशी दोन अंडी. मेसच्या डब्यातली पोळी टाकू नकोस. वरण पातळ असतं, म्हणून रूमवर रोज एक वाटी मोड आलेली मटकी ठेव. गोळाफेक दोन सेकंदांचं काम आहे, तिला थेट कार्ब्स लागत नाहीत. पण पळून दमलेल्या अंगाने फेकलेला गोळा लांब जात नाही. शक्य असेल त्या दिवशी गोळा आधी, पळणं नंतर ठेव.

लालमाती

बहिणे, शेंगदाणे आणि गूळ पोत्यानं पाठवतो. आमच्याकडं गुऱ्हाळ आहे. मीठभाकर ताईंकडं पत्ता दे, इथं जाहीर लिहू नको.

सांजवारा (सहा आठवड्यांनी)

धागा वर काढते. पहिल्या दहा दिवसांत वजन १.४ किलोने वाढलं. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून काटा बघून हात थरथरले नाहीत. कमरेची टेप मात्र तशीच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून वजन हळूहळू उतरतंय, आज ६४.३ आहे आणि कमर दोन सेंटिमीटरने कमी.

झोप पहिल्याच आठवड्यात परत आली. काल ६२.५ किलोवर पाच रेपचे तीन सेट झाले. तिसऱ्या सेटचा पाचवा रेप वर येताना ट्रेनर शेजारी उभा होता. त्याला मी हा धागा वाचायला दिला होता. तो म्हणाला, "मॅडम, मला पण असंच शिकवलं होतं." आता तो माझ्याकडून उसळीचा हिशेब लिहून घेतोय, त्याच्याकडे शाकाहारी बायका बऱ्याच आहेत. त्याच्यावर माझा राग नाही.

प्रोटीन अजून ८५ च्या पुढे जात नाही. सोयाबीन वडी घरात कुणाला आवडत नाही, माझ्यापुरती वेगळी करते.

गोदाकाठ

अभिनंदन! आमचीही गोळी डॉक्टरांनी बदलली. दुपारची एक भाकरी व्यायामानंतर खातो, दोन तासांनी मीटर १५० च्या आत असते. पत्नी आणि चिरंजीव दोघेही तूर्त शांत आहेत.

पहाटपाखरू

हिमोग्लोबिन ८.९ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले. अंधारी आता येत नाही. गूळ पोचला दादा, चौघींनी वाटून घेतला. उद्या पहाटे गोळा आधी आहे. केळी आणून उशाशी ठेवलीत.